चढावर उतरणारी विमानं

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक करून आलेल्या मित्रांचे अल्बम मी आवर्जून पाहतो. त्यांत लुक्ल्याचे फोटो साधारण दोनच असतात. एक विमानाजवळ उभं राहून, अंगठे वर करून काढलेला, आणि दुसरा परतीच्या दिवशी सामानाच्या ढिगावर ताटकळत बसल्याचा. बाकी सगळा अल्बम नामचे, तेंगबोचे, काला पत्थर. त्यांच्या लेखी लुक्ला म्हणजे ट्रेकचा उंबरठा, ओलांडायचा आणि पुढं निघायचं. मला मात्र त्या उंबरठ्यावरच बसायचं होतं. मी विमानं बघायला गेलो होतो.

हे वेड असलेल्या माणसाची पुण्यात कुचंबणा होते. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, त्यामुळे तिथं लांब लेन्स बाहेर काढली की पुढची वाट पोलीस चौकीची. दाबोळीला तीच कथा, फक्त हवाई दलाऐवजी नौदल. मुंबईत विमानं भरपूर, पण ती नीट बघायची तर कुणाच्या तरी गच्चीची ओळख काढावी लागते. परदेशातही सगळं आलबेल असतं असं नाही. नोव्हेंबर २००१मध्ये ग्रीसमधल्या कालामाताच्या हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच हौशी मंडळींना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना शिक्षा सुनावली गेली आणि नोव्हेंबरमध्ये अपिलात ते सुटले. विमानांचे नंबर वहीत उतरवून घेण्यात माणसाला काय आनंद मिळतो, हे न्यायालयाला पटवून देताना वकिलांची पुरेवाट झाली असणार.

लुक्ल्यात ही भानगड नाही. तिथं धावपट्टीच्या वरच्या टोकाला वळसा घालूनच गावात जायची पायवाट आहे. मध्ये फक्त तारेचं कुंपण. हमाल, खेचरं, शाळेची पोरं, ट्रेकर असे सगळे त्याच वाटेनं जातात, आणि विमान आलं की सगळेच मान वळवून बघतात.

हंगामात, म्हणजे वसंतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास, काठमांडूहून थेट विमान मिळेलच असं नाही. त्रिभुवन विमानतळाला एकच धावपट्टी आहे आणि मोठ्या विमानांच्या रांगेत छोट्यांना ताटकळावं लागतं. त्यामुळे २०१९पासून गर्दीच्या महिन्यांत लुक्ल्याची बहुतेक उड्डाणं रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सोडतात. तिथं पोचायला काठमांडूतून जीपनं चार-पाच तास लागतात, म्हणून मध्यरात्र उलटली की निघायचं. रस्ता वळणावळणांचा, ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून मोठ्यानं लावलेली नेपाळी गाणी, आणि मागच्या सीटवर मांडीत कॅमेऱ्याची बॅग. सामानाला मर्यादा पंधरा किलोची, त्यातलं हातात पाच. ट्रेकर लोक तिथं एकेका जोड मोज्यांचा हिशोब करतात. मी जाकीट अंगात चढवलं आणि दोन्ही खिशांत एकेक लेन्स कोंबली. काउंटरवरच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं, हसला आणि बोर्डिंग पास दिला.

मंथलीचं विमानतळ तामाकोशी नदीच्या काठावर, समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटरवर. पहाटे तिथं उकडत असतं आणि लोक जाडजूड जाकिटं घालून घाम पुसत बसलेले असतात, कारण वीस मिनिटांनी ते साधारण २,८५० मीटर उंचीवर उतरणार असतात. माझ्या वाट्याला ट्विन ऑटर आलं. एकोणीस सीटचं कॅनेडियन विमान, चाकं कायम बाहेर, पंखाला खालून तिरका टेकू. हवाईसुंदरीनं एका ताटलीत कापसाचे बोळे आणि गोळ्या फिरवल्या. बोळे कानात घालायचे, गोळी तोंडात. पायलट आणि आपण यांच्यात दार बंद नसतं, त्यामुळे पुढच्या काचेतून जे त्यांना दिसतं तेच आपल्यालाही दिसतं. उजव्या-डाव्या खिडकीशी भाताची खाचरं, मग पाइनची रानं, मग नुसते कडे. शेवटी समोरच्या काचेत एक डोंगर आला आणि त्या डोंगराच्या अंगावर एक करडी पट्टी. ती आडवी नव्हती. वर चढत गेलेली होती, आणि तिच्या वरच्या टोकाला भिंत होती.

लुक्ल्याची धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे, म्हणजे तिच्यात लुक्ल्याच्या सहा सहज मावतील. पण खरी गोष्ट लांबीत नाही, चढात आहे. दर शंभर मीटरला ती पावणेबारा मीटर वर जाते. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत साठ मीटरहून जास्त चढ, म्हणजे वीस मजली इमारतीइतका. विमान उतरतं ते नेहमी खालून वर, उडतं ते नेहमी वरून खाली. वारा कुठूनही असो, दिशा बदलत नाही. उतरताना चढ ब्रेकचं काम करतो, उडताना उतार इंजिनाला हात देतो. खालच्या टोकाला जमीन संपते आणि दूधकोशीची दरी सुरू होते. वरच्या टोकाला डोंगर आहे, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात चुकलं तर पुन्हा वर उठून फेरी मारायला जागा नाही.

ही जागा कुणी इंजिनिअरानं नकाशावर बोट ठेवून निवडलेली नाही. एडमंड हिलरी एव्हरेस्टनंतर शेर्पांच्या मुलुखात शाळा, पूल, दवाखाने बांधत होते. खुंडे गावात रुग्णालय उभं करायचं ठरलं, तर सिमेंट, पत्रे, औषधं पाठीवरून वाहून आणायला काही आठवडे लागत. १९५३च्या मोहिमेत ते स्वतः काठमांडूच्या खोऱ्यातून चालत आले होते, त्यामुळे ते अंतर त्यांना पायांनी माहीत होतं. म्हणून १९६४मध्ये धावपट्टी. त्यांना सपाट शेतजमीन हवी होती, पण शेतकरी पिकती जमीन सोडेनात. मग मिळाली ती ही उतरणीवरची जागा. झुडपं तोडून, दगड काढून माती पसरली, तरी ती भुसभुशीतच राहिली. हिलरींनी यावर काढलेला तोडगा त्यांनीच सांगितलेला आहे. स्थानिक दारू आणवली, शेर्पांना हातात हात घालून पाय आपटत नाचायला लावलं, आणि नाचून नाचून जमीन चोपून घेतली. डांबर पडलं ते २००१मध्ये. तोवर विमानं मातीवरच उतरत होती.

याच कामात हिलरींनी जी किंमत मोजली तीही सांगायला हवी. ३१ मार्च १९७५ला ते फाफलूत रुग्णालयाच्या बांधकामावर असताना त्यांच्याकडे निघालेलं छोटं विमान काठमांडूत उड्डाणानंतर लगेच कोसळलं. त्यात त्यांची पत्नी लुईस आणि धाकटी मुलगी बेलिंडा गेल्या. जानेवारी २००८मध्ये हिलरी वारले आणि लुक्ल्याच्या विमानतळाला तेनसिंग-हिलरी हे नाव मिळालं.

मी कुंपणालगतच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. खिडकीतून धावपट्टी दिसते का, एवढा एकच प्रश्न मी विचारला. मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे दिदी म्हणतात, तीन खोल्या दाखवल्या आणि चौथीत मी थांबलो. त्यांना माझं खूळ कळायला वेळ लागला नाही. "ट्रेक नाही? नुसतं जहाज बघणार?" त्यांनी हिंदीत विचारलं. नेपाळीत विमानाला जहाजही म्हणतात. मग त्यांनीच मला दिवसाचं वेळापत्रक सांगितलं. पहिलं जहाज उजाडल्यावर, गर्दी आठ-साडेआठपर्यंत, दहानंतर वारा, दुपारी काही नाही. माझ्या कामाची याहून नेमकी माहिती कुठल्या पुस्तकात मिळाली नसती.

सकाळी आधी भोंगा होतो. खालून विमान निघाल्याचं टॉवरला कळलं की तो वाजतो आणि धावपट्टीवर रेंगाळणारी माणसं, कुत्री बाजूला होतात. मग काही मिनिटं नुसती वाट. कान लावून उभं राहिलं की दरीतून गुणगुण ऐकू येते. विमान मात्र दिसत नाही, कारण आपण ते आकाशात शोधत असतो. ते तिथं नसतंच. ते समोरच्या काळ्याशार डोंगराच्या पार्श्वभूमीवर, जवळपास आपल्या डोळ्यांच्या पातळीला, पांढऱ्या ठिपक्यासारखं असतं. एकदा सापडलं की मग सोडायचं नाही. ठिपक्याला पंख फुटतात, दिवे दिसतात, आणि शेवटच्या क्षणी तर ते आपल्या पायांच्या पातळीच्याही खाली जातं. आपण उभे असतो धावपट्टीच्या माथ्यावर, ते टेकतं पायथ्याशी. धूर उडतो, पात्यांचा आवाज बदलतो, विमान चढावर येता येता मंदावतं. आणि मग जे होतं ते दुसऱ्या कुठल्या विमानतळावर मी पाहिलेलं नाही. उतरलेलं विमान पुन्हा जोर लावतं. चढ इतका आहे की तसं केलं नाही तर ते मध्येच थांबेल. खंबाटकी चढणाऱ्या भरलेल्या एसटीसारखं गुरगुरत ते वर येतं आणि उजवीकडे वळून उभं राहतं.

उभं राहायची जागा चार विमानांपुरती. त्यामुळे तिथं कुणी आरामात नसतं. दार उघडतं, माणसं उतरतात, बॅगा ओढल्या जातात, अंड्यांचे क्रेट हातोहात बाहेर येतात, परतीची माणसं चढतात. काही वेळा दाराच्या बाजूचं इंजिन तेवढं बंद करतात, पलीकडचं चालूच. पाच-सात मिनिटांत विमान वळून पट्टीच्या माथ्यावर येतं, ब्रेक दाबून दोन्ही इंजिनं पूर्ण ताकदीनं ओरडू लागतात, कुंपणावर वाळत घातलेल्या चादरी फडफडतात, आणि ब्रेक सुटला की ते खाली झेपावतं. टोक येतं तेव्हा चाकं सुटलेली असतात. मोठ्या विमानतळावर हे सगळं काचेपलीकडे, दीड किलोमीटर लांब, आवाज वजा करून घडतं. इथं पायलटच्या हातातली थ्रॉटल ढकलल्याचं दिसतं.

दोन सकाळी अशा गेल्या की कान तयार होतो. लुक्ल्यात मुख्यतः तीन जातींची विमानं येतात आणि तिन्ही डोळे मिटून ओळखता येतात. ट्विन ऑटरचा आवाज भरडा. जर्मन डॉर्निअर २२८चा आवाज तीक्ष्ण, जमिनीवर उभं असतानाही कानात सुई टोचल्यासारखा, कारण त्याच्या इंजिनाचा पंख्याशी थेट जोड असतो आणि ते उभ्या-उभ्याही जोरात फिरत राहतं. तिसरं चेक बनावटीचं एल-४१०, पाच पात्यांचं, पंखांच्या टोकांना बहुधा इंधनाच्या लांबट टाक्या. बंद झाल्यावरही फरक लपत नाही. ट्विन ऑटरचं इंजिन थांबलं की पाती वळून धारेवर येतात, समोरून पाहिलं तर काठ्यांसारखी. डॉर्निअरची पाती पसरट राहतात. हे एकदा लक्षात आलं की लांबून, अंधुक उजेडातही विमान ओळखता येतं. डॉर्निअर पाहताना मला घरचं माणूस भेटल्यासारखं होत होतं. हेच विमान आपल्याकडे कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स बनवते, आपल्या नौदलाकडे आणि तटरक्षक दलाकडे ते आहे. दाबोळीला ज्याच्याकडे चोरून बघायचं, ते इथं वीस पावलांवर उभं.

आता फोटोंबद्दल. पहिल्या धड्यापासून सगळे सांगतात, पळत्या गोष्टीला शटर वेगवान ठेवा. पंख्याच्या विमानाला तो नियम लावला तर घात होतो. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात काढलेल्या फोटोत पाती जागच्या जागी गोठतात आणि विमान इंजिन बंद पडून हवेत टांगल्यासारखं दिसतं. ट्विन ऑटरचा पंखा पूर्ण ताकदीला सेकंदाला पस्तीसेक फेरे घेतो. शटर १/१२५ वर ठेवलं तर तेवढ्यात एकेक पातं पाव फेऱ्याहून थोडं जास्त फिरतं, आणि पाती तीन असल्यामुळे वर्तुळ जवळजवळ भरून येतं. मग विमान जिवंत दिसतं. पण १/१२५ला हात हलला की सगळंच पुसट. म्हणून कंबरेतून वळत विमानाबरोबर कॅमेरा फिरवायचा, बटण दाबल्यावरही फिरवत राहायचं. दहातले आठ फोटो वाया जातात. जाऊ द्यावेत.

दुसरी अडचण उजेडाची. पांढरं विमान, मागं सावलीतला डोंगर. कॅमेरा डोंगराकडे बघून उजेड ठरवतो आणि विमान चुन्यात बुडवल्यासारखं निघतं. म्हणून मोजमाप मुद्दाम एक पायरी काळोखाकडे ढकलायचं. तिसरी गोष्ट शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सुरुवातीला मी लांब लेन्सनं नुसतं विमान भरून घेत होतो. खिडक्या, रिव्हेट, ९एनपासून सुरू होणारा नेपाळी नोंदणी क्रमांक, सगळं स्वच्छ. रात्री स्क्रीनवर पाहिलं तर ते विमान कुठंही असू शकलं असतं. लांब लेन्स चढ चपटा करते, पार्श्वभूमी खेचून जवळ आणते, आणि लुक्ला फोटोतून निघून जातं. दुसऱ्या सकाळी मी बाजूच्या उतारावर गेलो, छोटी लेन्स लावली आणि पट्टीच्या शेजारच्या घराची भिंत चौकटीत घेतली. भिंत उभी, तिच्यासमोर पट्टी तिरकी, आणि त्या तिरक्या रेषेवर नाक वर करून चढणारं विमान. बघणाऱ्याला चढ कळण्यासाठी काहीतरी सरळ उभं दाखवावं लागतं. घर, खांब, माणूस, काहीही चालेल.

हा चढ पायलटलाही फसवतो. सपाट धावपट्टीची सवय असलेल्या डोळ्याला चढती पट्टी पाहताना आपण फार उंचावर आहोत असं वाटतं, आणि हात आपोआप विमान खाली आणतो. लुक्ल्यात खाली येणं म्हणजे पट्टीच्या काठाखालच्या कड्याकडे येणं. इथं उपकरणांच्या आधारानं उतरायची सोय नाही, सगळा कारभार डोळ्यांवर. ८ ऑक्टोबर २००८ला धुक्यात उतरणारं एक ट्विन ऑटर पट्टीच्या काठाला पोचण्याआधीच आदळलं. अठरा माणसं गेली, वाचला फक्त कॅप्टन. १४ एप्रिल २०१९ला उड्डाणासाठी धावणारं एक एल-४१० बाजूला घसरून उभ्या हेलिकॉप्टरवर आदळलं आणि तिघांचा जीव गेला. म्हणून इथं कुणालाही उतरू देत नाहीत. आखूड धावपट्ट्यांचा भरपूर अनुभव आणि लुक्ल्यातच प्रशिक्षकाबरोबर घेतलेली उड्डाणं असल्याशिवाय कॅप्टनला परवानगी मिळत नाही.

दिदींनी सांगितलेला दहानंतरचा वारा मी पट्टीशेजारच्या विंडसॉकवर बघत असे. सकाळी तो लुळा लोंबत असतो. ऊन चढलं की डोंगराचे उतार तापतात, हवा दरीतून वर सरकू लागते आणि विंडसॉक भरून चढाच्या दिशेनं ताठ होतो. उतरणाऱ्या विमानाला हा वारा पाठीमागून लागतो. बाकी जगात पायलट वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, तेवढाच वेग कमी होतो. इथं दिशा बदलायची सोय नसल्यामुळे वारा वाढला की विमानं बंद, मग आकाश कितीही निळं असो. शिवाय या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या पाऊणपटच दाट, त्यामुळे पंखांना उचल मिळायला जमिनीवरून जास्त वेगानं पळावं लागतं. आकाश स्वच्छ असताना उड्डाण का रद्द केलं म्हणून काउंटरवर हुज्जत घालणारे प्रवासी मी पाहिले. त्यांनी एकदा विंडसॉककडे बघायला हवं होतं.

एका ढगाळ दिवशी लॉजच्या जेवणघरात मराठी कानावर आलं. बेस कॅम्प करून आलेला नाशिक-पुण्याचा गट होता, काठमांडूहून पुढचं विमान चुकणार या काळजीत. त्यातल्या एका काकांनी माझ्या कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "काय हो, हिमालयात येऊन विमानांचे फोटो? एव्हरेस्ट कुठाय तुमचं?" मी त्यांना आदल्या दिवशीचा चढाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "आपण यावर उतरलो? बरं झालं, तेव्हा मी डोळे मिटले होते." मग ते पूर्ण दुपार माझ्याबरोबर खिडकीशी बसले. विमान एकही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र भोंगा वाजल्यावर कुंपणाशी माझ्याआधी तेच पोचले होते, आणि त्यांनी डॉर्निअर आवाजावरून ओळखलं.

त्या ट्रेकला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: परतीच्या वेळापत्रकात लुक्ल्यासाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवा. हवामानासाठी जादा दिवस तसाही ठेवावाच लागतो, तो जेवणघरात कुढत घालवू नका. उजाडायला कुंपणाशी पोचा, दहाला परत या. फार लांब लेन्स लागत नाही, साधी झूम पुरते. कुंपणाबाहेरून फोटो काढायला मला कुणी हटकलं नाही, तरी शेजारी पोलीस उभा असेल तर आधी विचारा, तो बहुधा हसून मान हलवतो. ड्रोन मात्र घरी ठेवा. परवानगीशिवाय तो नेपाळमध्ये उडवता येत नाही, आणि लुक्ल्याच्या हवेत विमानं आणि हेलिकॉप्टरं मिळून आधीच पुरेशी गर्दी आहे.